लाइटहाऊस, अ‍ॅक्स की वेव्ह : संकेतस्थळ तपासताना कशावर विसंबावे?

संकेतस्थळाची गुणवत्ता आणि सुगम्यता (म्हणजे दृष्टिहीन व इतर दिव्यांगांनाही ते वापरता येणे) ब्राउझरमध्येच तपासायची म्हटले की निवड बहुधा तीन साधनांपाशी येऊन थांबते : क्रोममध्ये मुळातच असलेले गूगलचे लाइटहाऊस, डीक्यू कंपनीचे अ‍ॅक्स डेव्हटूल्स आणि अमेरिकेतील यूटा स्टेट विद्यापीठाच्या वेबएम या गटाचे वेव्ह. कोल्हापुरातील चप्पल, गूळ आणि हुपरीच्या चांदीच्या व्यापाऱ्यांची संकेतस्थळे करताना ही तिन्ही मी वापरत आलो आहे. या कामात पाने छायाचित्रांनी भरलेली असतात, मजकूर मराठी-इंग्रजी मिश्र असतो आणि मालकाला कोड वाचता येत नाही. माझे मत या परिस्थितीत बनलेले आहे. मोठ्या बँकेच्या प्रणालीवर काम करणाऱ्याला ते कदाचित पटणार नाही.

वेगाच्या तपासणीत लाइटहाऊसला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. साध्या मोबाइलवर आणि मंद जोडणीवर पान कसे उघडेल याचे अनुकरण ते करते, आणि कोणत्या छायाचित्राने पानाला खोळंबून ठेवले आहे तेही सांगते. ब्राउझरला जोडलेल्या इतर एक्स्टेन्शनांमुळे, म्हणजे पूरक साधनांमुळे, आकडे बिघडतात, म्हणून तपासणी इन्कॉग्निटो खिडकीत केलेली बरी, आणि तरीही दोन वेळचे आकडे जुळतीलच असे नाही.

माझी तक्रार आहे ती सुगम्यतेच्या गुणांविषयी. तेथे प्रत्येक चाचणी एक तर पूर्ण उत्तीर्ण होते किंवा पूर्ण नापास. अर्धे काम झाले म्हणून अर्धे गुण मिळत नाहीत. चपलांच्या लांबलचक कॅटलॉगमधील एक छायाचित्र सोडून बाकी सर्वांना नीट वर्णन (न पाहू शकणाऱ्यांना वाचून दाखवला जाणारा, कोडमध्ये लिहिलेला मजकूर) दिले, तरी गुण तिळमात्र हलत नाहीत. उलट वर्णनाच्या जागी कॅमेऱ्याने दिलेले फाइलचे नाव सगळीकडे चिकटवून टाकले, तर तीच चाचणी बिनबोभाट उत्तीर्ण होते, कारण तेथे काहीतरी लिहिलेले आहे एवढेच यंत्राला कळते. याहून त्रासाची गोष्ट अशी की, मालकाने हिरव्या वर्तुळातला आकडा एकदा पाहिला की पुढची प्रत्येक चर्चा त्या आकड्याचीच होते. ‘नव्वद झाले, आता शंभर कधी करताय?’ या प्रश्नाला उत्तर देण्यात जेवढा वेळ जातो, तेवढ्यात निम्म्या छायाचित्रांची वर्णने लिहून होतील.

अ‍ॅक्स हा दोष टाळते. लाइटहाऊसच्या सुगम्यतेच्या चाचण्या अ‍ॅक्सच्याच मुक्तस्रोत इंजिनावर चालतात, त्यामुळे दोहोंच्या निष्कर्षांत फार मोठा फरक अपेक्षू नये; पण अ‍ॅक्स गुण न देता दोषांची गंभीरतेनुसार वर्गवारी करते. छायाचित्रावर छापलेल्या मजकुराचा रंग पार्श्वभूमीहून पुरेसा वेगळा उठतो का, अशा ठिकाणी निर्णय न देता ते बाब माणसाच्या तपासणीसाठी बाजूला ठेवते, हा त्याचा प्रामाणिकपणा मला आवडतो. मात्र ते बोलते कोडच्या भाषेत, आणि टप्प्याटप्प्याने वाट दाखवणाऱ्या चाचण्यांसाठी पैसे मोजावे लागतात.

वेव्ह आपल्या खुणा थेट पानावरच उमटवते आणि छायाचित्राचे वर्णन त्याच्या शेजारीच दाखवते. माझ्या दृष्टीने निवड ठरली ती येथेच. दुकानदाराला शेजारी बसवून पान उघडले की, ‘अहो, ही कापशी चप्पल नव्हे,’ असे तो स्वतःच सांगतो. ही दुरुस्ती कोणत्याही यंत्राला सुचणारी नव्हती. वर्णनात फाइलचे नाव आढळले तर वेव्ह तेही संशयास्पद म्हणून दाखवते. त्याच्यात उणिवा आहेत : खुणांच्या गर्दीने पानाची मांडणी विस्कटते, घडी घातलेल्या मेनूत तर काय कशाचे तेच कळेनासे होते, आणि वेगाविषयी ते अवाक्षर काढत नाही. मांडणी विस्कटल्यास पानाची शैली तात्पुरती बंद करण्याची सोय त्यातच आहे. वेव्हच्या संकेतस्थळावर पानाचा पत्ता देण्यापेक्षा त्याचे एक्स्टेन्शन घ्यावे, म्हणजे अजून प्रकाशित न झालेली किंवा लॉगिनमागची पानेही तपासता येतात.

मराठी पानांबाबत एक गोष्ट वेगळी पाहावी लागते. तयार टेम्पलेटमध्ये पानाची भाषा इंग्रजी म्हणून नोंदलेली असते आणि मजकूर मराठी भरला तरी ती नोंद तशीच राहते. वास्तविक भाषेची योग्य नोंद ही डब्ल्यूसीएजी या सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांच्या अगदी प्राथमिक, म्हणजे ‘ए’ स्तरावरील अट आहे. ती चुकली तर एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली, इंग्रजी आवाजात मराठी वाचू पाहतो आणि ऐकणाऱ्याला काहीच बोध होत नाही. लाइटहाऊस आणि अ‍ॅक्स ही नोंद वैध आहे का एवढेच पाहतात, आणि इंग्रजीची नोंद वैधच असते. वेव्हही चूक म्हणून ती पकडत नाही, पण भाषेची खूण तरी डोळ्यांसमोर ठेवते.

गुणांचा अहवाल मागणारे ग्राहक असतातच. त्यांना लाइटहाऊसचा अहवाल मी देतो, परंतु काम संपल्यावर आणि शक्यतो वेगाच्या भागापुरताच.