रक्त थांबवणारा गॉज : रावेर पट्ट्यातले दहा महिने

आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. आता रावेर तालुक्यात घरची केळी बघतो. मागच्या एप्रिलात पदरच्या पैशानं रक्त थांबवणाऱ्या गॉजची चार पाकिटं घेतली, दोन केओलिनची, दोन कायटोसानची. हे गॉजला लावलेले रक्त थांबवणारे पदार्थ. सोबत एक टुर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला जखमेच्या वर आवळायचा पट्टा. लढाईत मेडिकच्या पिशवीत असतो तोच हा गॉज. आजवर तीन पाकिटं फोडली, टुर्निकेटची वेळ आली नाही.

घेतला कशाला, असं घरातही विचारलं. केळी कापणीला हातात धारदार विळे, रस्त्यावर रात्रंदिवस भरलेले ट्रक. १०८ ची गाडी येते, पण मांडीतली मोठी धमनी तुटली तर माणसाकडे मोजकी मिनिटं असतात. बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत यायलाच तेवढी जातात.

पोळ्याच्या दिवशी शेजारच्या सालदाराच्या जांघेत बैलाचं शिंग घुसलं. जांघेत टुर्निकेट चालत नाही, आवळायला वर जागाच नसते. अशाच जखमांसाठी हा गॉज आहे. कोणी हळद आणली, कोणी चहापावडर. दोन्ही बाजूला सारली. केओलिनचं पाकीट फोडून गॉज बोटानं आत कोंबला, पण घाईत उसळतं रक्त नेमकं कुठून येतंय ते धरलं नाही. गॉज भिजला, कडेनं रक्त येतच राहिलं. माझी चूक होती. तो काढला, बोटानं जागा शोधली आणि दुसरं पाकीट थेट तिथं, तळापासून भरत आणलं. मग दोन्ही हातांवर अंगाचा भार टाकला.

किमान तीन मिनिटं दाबायचं असतं. त्याचा धाकटा भाऊ रडत सारखा म्हणत होता, "फौजी नाना, थांबलं का? हात काढून बघा ना." हात काढला असता तर धरू लागलेली गाठ निघाली असती. त्यालाच घड्याळ दिलं आणि मोठ्यानं मिनिटं मोजायला लावली. तीन झाली तरी मी दाब सोडला नाही, वरून पट्टी आवळून गाडीत घातलं. पाकिटाचं वेष्टन त्याच्या सदऱ्याला अडकवलं, म्हणजे आत काय भरलंय ते डॉक्टरांना कळावं. जळगावला शस्त्रक्रिया झाली. दिवाळीनंतर तो कामावर आला.

केओलिन म्हणजे पांढरी माती. ती रक्त गोठण्याची शरीराची स्वतःची साखळी लवकर सुरू करते. कायटोसान कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून करतात. ते रक्तपेशींना चिकटून जागेवर लगदा बनवतं, त्या साखळीवर फारसं अवलंबून नसतं. हा फरक मला कार्तिकात उपयोगी पडला. हृदयाची झडप बदललेले, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे एक आप्पा. त्यांच्या नडगीवर फावडं बसलं, रक्त थांबेना. कायटोसान लावलं, दाबून धरलं, थांबलं. आप्पा माळकरी. कशापासून बनतं ते त्यांना आधी सांगायला हवं होतं, घाईत राहिलं. दुसऱ्या दिवशी घरी जाऊन सांगितलं. बराच वेळ माळेवर हात ठेवून बसले, मग म्हणाले, "विठ्ठलाला मी सांगेन."

इराक युद्धाच्या सुरुवातीला रक्त थांबवायला वापरलेली झिओलाइट या खनिजाची भुकटी रक्तात पडली की तापायची, कातडी भाजायची. आताच्या गॉजला तो त्रास नाही.

तक्रारी आहेत. रक्तानं किंवा केळीच्या चिकानं हात बुळबुळीत झाले की पाकीट फाटत नाही, मी दातानं फाडलं. सूचना बारीक इंग्रजी अक्षरांत, त्या आमच्या मजुरांनी कशा वाचायच्या? पाकीट हजाराच्या वर जातं. आणि आमचा उन्हाळा. मे महिना पाकिटं गाडीच्या डिकीत होती, तिथलं तापमान वेष्टनावरच्या मर्यादेत राहणं शक्यच नाही. आता घरात माठाशेजारच्या फडताळात ठेवतो, निघताना पिशवीत घेतो. छातीत किंवा पोटात हा कोंबायचा नाही, हेही लक्षात ठेवा.

टुर्निकेट बघून चार जणांनी तरी विचारलं, साप चावल्यावर बांधू का? अजिबात नाही. पाय न हलवता सरळ दवाखाना गाठायचा.

माझं एकच पाकीट उरलंय आणि दर वेळी मीच जवळ असेन असं नाही. म्हणून कापणीच्या टोळीला शिकवायला घेतलंय. घड उतरवलेल्या केळीच्या खांबाला खोल भोक पाडतो, जुन्या धोतराच्या पट्ट्या तळापासून भरायला लावतो आणि घड्याळ लावून दाबायला सांगतो. साधं स्वच्छ कापड नीट भरून दाबलं तरी पुष्कळ रक्त थांबतं. मागच्या रविवारी मुकादमानं दोन मिनिटांतच हात उचलला. त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं.