स्पॅनिश बोलणाऱ्या डॉक्टरांचं क्लिनिक, लॉस एंजेलिस: नक्की जा

शेजारच्या मेक्सिकन आजींना घेऊन मी इथे नेहमी जाते आणि खात्रीने सांगते, ओळखीत कुणी फक्त स्पॅनिश बोलणारं असेल तर लांब पडलं तरी इथेच न्या. आजींना डायबेटिस आहे. आधीच्या दवाखान्यात फोनवर इंटरप्रिटर असायचा, माणसं चांगली होती पण आवाज तुटायचा, प्रत्येक वाक्य दोनदा व्हायचं, अर्धी अपॉइंटमेंट त्यातच संपायची आणि मग आजी नुसतं सी, सी (हो, हो) करून मोकळ्या व्हायच्या. इथल्या डॉक्टर स्वतःच स्पॅनिश बोलतात. पहिल्याच भेटीत आजींनी सांगून टाकलं की इन्सुलिन जास्त दिवस पुरावं म्हणून त्या डोस कमी घेतात! हे घरात कुणालाच माहीत नव्हतं, नातू मध्ये बसून भाषांतर करत असता तर त्या बोलल्याच नसत्या. डॉक्टर रागावल्या नाहीत, लगेच परवडणारं इन्सुलिन शोधून दिलं, आणि टॉर्टिया (मेक्सिकन पोळ्या) बंद करा न म्हणता एका वेळी किती खायच्या ते नीट समजावलं.

आणि प्लीज, लहान मुलांना या कामाला लावू नका. अफोर्डेबल केअर ॲक्ट या अमेरिकन आरोग्य कायद्याच्या कलम १५५७ प्रमाणे सरकारी पैसा घेणाऱ्या दवाखान्याला इंटरप्रिटर फुकट द्यावा लागतो, मुलांकडून काम भागवायची मुभा फक्त इमर्जन्सीत. तरी अजून चालतंच. आईच्या गाठीचा रिपोर्ट शाळकरी पोराने तिला सांगायचा, किती क्रूर आहे हे.

डॉक्टरची भाषा म्हणजे फक्त सोय असं समजू नका. उत्तर कॅलिफोर्नियातल्या डायबेटिसच्या लॅटिनो पेशंट्सवरचा २०१७ सालचा अभ्यास आहे, इंग्रजी बोलणारे डॉक्टर बदलून स्पॅनिश बोलणारे मिळाले त्यांची शुगर जास्त कंट्रोलमध्ये आली. आजींचंही तेच झालं.

एक स्टार कापला कारण लॅबचे रिपोर्ट आणि ऑनलाइन पोर्टल अजून इंग्रजीतच आहे, डॉक्टर एवढ्या छान समजावतात आणि घरी गेल्यावर आजींच्या हातात न कळणारा कागद. शिवाय ग्वातेमाला किंवा मेक्सिकोतल्या वाहाकाकडचे काही लोक घरी माम, मिश्तेक अशा भाषा बोलतात, त्यांचं स्पॅनिश कच्चं असू शकतं, त्यांच्यासाठी वेगळा इंटरप्रिटर आधीच मागून ठेवा.

औषध घेताना फार्मसीत स्पॅनिश सूचना मागा, कॅलिफोर्नियात मागितल्या तर द्याव्याच लागतात.