फोरेन्सिकली: जुन्या गाडीच्या फोटोवर हात फिरवलाय का, हे तपासण्यासाठी

जुनी गाडी आता आधी फोटोत पसंत केली जाते. विकणारा नाशिकला आणि घेणारा पुण्यात असला, तर फोटोत पुसून टाकलेल्या एका पोच्यापायी दोनशे किलोमीटरचा हेलपाटा होतो. फोटोतली अशी लपवाछपवी शोधायला फोरेन्सिकली हे मोफत साधन खरोखर उपयोगी आहे. योनास वाग्नर यांनी ते बनवलं आहे आणि ते ब्राउझरमध्येच चालतं. फोटो कुठल्या सर्व्हरवर चढत नाही, त्यामुळे नंबर प्लेट, चासी नंबर किंवा आरसी दिसणारे फोटोही बिनघोर तपासता येतात. मात्र ते ‘खरा’ किंवा ‘खोटा’ असा निकाल देत नाही. कुठे नीट बघायचं तेवढं दाखवतं. निकालाच्या आशेने उघडलं तर दिशाभूल ठरलेली.

साधनाचा उपयोग किती होणार, हे हातात कोणती फाइल आहे यावर ठरतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र लहान होतं, पुन्हा दाबलं जातं (म्हणजे फाइलचा आकार कमी करण्यासाठी कॉम्प्रेस होतं) आणि त्यातली एक्झिफ माहिती, म्हणजे कॅमेरा, तारीख, सॉफ्टवेअर अशा नोंदी, निघून जाते. जाहिरातींच्या संकेतस्थळांवरून उतरवलेल्या फोटोंचंही बहुतेक वेळा तेच होतं. म्हणून विकणाऱ्याला मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. त्याच्याकडे आयफोन असेल तर आणखी एक अडचण येते: फोटो हाइक (HEIC) प्रकारच्या फाइलमध्ये असतो आणि क्रोम ब्राउझर तो उघडत नाही. बदलून जेपेग केला की दाबण्याच्या खुणाही बदलतात. त्यापेक्षा सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडून फोटो नव्यानेच काढून घ्यावा.

गाडीसाठी यातलं सगळ्यात कामाचं हत्यार म्हणजे क्लोन डिटेक्शन. पोचा किंवा ओरखडा लपवायची जुनी रीत अशी, की शेजारच्या चांगल्या पत्र्याचा तुकडा उचलून त्यावर बसवायचा. एकसारखे तुकडे हे साधन निळ्या रंगात दाखवतं आणि लाल रेघेने जोडतं. पण आहे त्याच सेटिंगवर गाडीचा दरवाजा तपासला तर बहुधा काहीच सापडत नाही. रंगवलेला पत्रा गुळगुळीत असतो आणि ज्या भागात तपशील कमी, तो भाग हे साधन शोधातून वगळतं. म्हणून ‘मिनिमल डिटेल’ थोडं थोडं खाली आणायचं आणि ‘मॅक्सिमल इमेज साइझ’ वाढवायचं. वेळ जास्त लागतो, पण लहान पॅच हाती लागण्याची शक्यता वाढते.

तपशिलाची अट खाली आणली की खोट्या खुणाही उगवतात. ग्रिलच्या जाळीत, अलॉय व्हीलच्या आऱ्यांत, टायरच्या नक्षीत, पेव्हर ब्लॉकच्या अंगणात रेघांचं जाळं दिसणारच, कारण तिथे नक्षी मुळातच पुन्हा पुन्हा येते. तिकडे दुर्लक्ष करायचं. दरवाजाच्या मधोमध किंवा बंपरच्या कोपऱ्यावर एकाच दिशेच्या, एकाच लांबीच्या बऱ्याच रेघा एकत्र आल्या, तर तो भाग मोठा करून बघायचा. फिरवून किंवा लहानमोठा करून लावलेला तुकडा यातून सहसा सुटतो. हीलिंग ब्रशने (डाग आजूबाजूच्या रंगात मिसळून टाकणाऱ्या साधनाने) किंवा एआयने भरलेली जागाही सुटते, कारण तिथे हुबेहूब नक्कल नसतेच. ही या साधनाची खरी मर्यादा आहे, आणि हल्ली फोनमध्येच वस्तू पुसायची सोय असल्याने ती वाढत चालली आहे.

अशा जागी डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. दरवाजाच्या पत्र्यात समोरची भिंत, जमिनीची कड किंवा क्षितिज यांची रेघ उमटलेली असते. पुढच्या दरवाजावरून मागच्या दरवाजावर जाताना ती पत्र्याच्या वळणानुसार वाकते. पुसलेल्या जागी ती मध्येच विरते किंवा तेवढ्यापुरती धूसर होते. मेटॅलिक रंगात जवळून बारीक चकाकीचे कण दिसतात. फोटोत हात फिरवलेल्या जागी ते नाहीसे होतात.

मीटरच्या फोटोसाठी फोरेन्सिकलीतलं मॅग्निफायर, म्हणजे भिंग, वापरा आणि त्यात अंधारातले बारीक फरक उजळ करणारं ‘हिस्टोग्राम इक्वलायझेशन’ निवडा. डोळ्यांना काळीकुट्ट दिसणारी मीटरची पार्श्वभूमी खरं तर कधीच एकसारखी काळी नसते. उजेड वाढवला की तिच्यात दाणे (कॅमेऱ्यामुळे येणारे बारीक ठिपके, म्हणजे नॉइज) आणि काचेवरची हलकी झाक दिसते. रनिंगचा एखादा आकडा बदललेला असेल, तर त्याच्याभोवती सपाट, दाणे नसलेला चौकोन उठून दिसू शकतो. शेजारच्या आकड्यांशी जाडी, कडांचा धूसरपणा आणि तिरकेपणाही ताडून बघा. मात्र गाडीतलं मीटरच मागे फिरवलेलं असेल तर फोटो अस्सल आणि आकडा खोटा. तिथे सर्व्हिस रेकॉर्डच लागतं.

एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस सगळ्यात प्रसिद्ध, आणि चुकीचा अर्थही त्याचाच सगळ्यात जास्त लावला जातो. साधन फोटो ठरावीक दर्जाला पुन्हा जेपेग म्हणून साठवतं आणि मूळ चित्राशी पडणारा फरक उजळ करून दाखवतं. क्रोमची पट्टी, स्टिकर, नंबर प्लेटवरची अक्षरं अशा ठळक कडा त्यात चमकतातच. त्या चमकल्या म्हणून फोटो बनावट ठरत नाही. तुलना सारख्याची सारख्याशी करायची: प्लेटवरचं एक अक्षर दुसऱ्या अक्षराशी, पुढचा दरवाजा मागच्या दरवाजाशी. एकच अक्षर वेगळं उजळलं तर शंका घ्यायला जागा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या फोटोवर हे जवळपास निरुपयोगी आहे, कारण पुन्हा दाबताना हे फरक सपाट होऊन जातात. नॉइज अ‍ॅनालिसिसचंही फोनच्या फोटोंवर फारसं चालत नाही, कारण फोन स्वतःच दाणे पुसून टाकतो.

मेटाडेटाच्या, म्हणजे फाइलमधल्या एक्झिफसारख्या नोंदींच्या, भागात ‘सॉफ्टवेअर’ ही नोंद आधी बघा. फोटोशॉप किंवा स्नॅपसीड अशा फोटो बदलणाऱ्या अ‍ॅपचं नाव असेल तर फोटो तिथून गेलेला आहे. पण नुसता उजेड वाढवला असेल तरीही हेच नाव येतं. थंबनेल अ‍ॅनालिसिस क्वचितच काही देतं, पण मिळालं तर घबाड असतं: फाइलच्या पोटातलं छोटं चित्र जुनंच राहिलेलं असतं आणि त्यात पोचा दिसतो. मेटाडेटा खोलात तपासायचा असेल तर त्यासाठीच बनवलेलं एक्झिफटूल हे वेगळं साधन जास्त सरस.

फोटोफोरेन्सिक्स या दुसऱ्या संकेतस्थळावर एरर लेव्हलचं स्पष्टीकरण जास्त चांगलं आहे आणि शिकण्यासाठी ते जरूर वाचावं. पण तिथे फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातो. आरसी किंवा चासी नंबरचा फोटो असेल तर फोरेन्सिकलीच बरं.

बदल सापडला म्हणजे फसवणूक सापडली असंही नाही. पुष्कळ डीलर आणि पोर्टल नंबर प्लेट झाकतात, पार्श्वभूमी बदलतात. उलट गॅरेजमध्ये नीट डेंटिंग-पेंटिंग केलेली ठोकलेली गाडी या साधनात स्वच्छ दिसते, कारण फोटो खराच असतो. शंका आली तर त्याच जागेचा फोटो दुसऱ्या कोनातून, दुपारच्या उन्हात मागवा, किंवा व्हिडिओ कॉलवर मोबाइल पत्र्याला जवळजवळ समांतर धरून हळूहळू पुढून मागे न्यायला सांगा.

साधन वापरायचं तर संगणकावरच. मोबाइलवर ते उघडतं, पण एवढ्याशा पडद्यावर सरकपट्ट्या हलवत बंपरचा कोपरा न्याहाळणं जमत नाही.