डायमंड चकती आणि कार्बाइडचा ठोकळा : आठ महिने फायबरग्लास घासल्यानंतर

ओहायोतल्या आमच्या गराजमध्ये व्हॅन्स कंपनीच्या किटमधून आरव्ही-७ए हे छोटं विमान उभं राहतंय. दोन सीटचं, अॅल्युमिनियमचं. पत्र्याचं काम मजेत झालं, कारण भोकं कारखान्यातूनच पाडून येतात. भोकाला भोक जुळलं की पत्रा जागेवर बसला. काउलिंग (इंजिनावरचं झाकण), पंखांची टोकं, व्हील पँट्स (चाकांवरची आवरणं) हे फायबरग्लासचे भाग मात्र वाढत्या अंगाच्या पोराला घेतलेल्या कपड्यांसारखे ऐसपैस येतात. कापून-घासून अंगासरशी आपणच बसवायचे.

आधी जिगसॉ वापरला. काच ती काच, दोन-तीन कापांत पातं बोथट. मग रोटरी टूलला लावायची छोटी डायमंड चकती घेतली आणि सोबत फूटभर लांबीचा ठोकळा, ज्याच्या पृष्ठभागावर टंगस्टन कार्बाइडचे दाणे बसवलेले असतात.

चकती लोण्यासारखी चालते, आणि घात तिथेच होतो. ऑक्टोबरात वरच्या काउलिंगची मागची कड मी थेट रेघेवरून कापली. हात जरा हलला आणि सरळ कडेला तीन मिलिमीटरची लाट आली. आता चकती रेघेच्या दीड-दोन मिलिमीटर बाहेरूनच चालवतो. उरलेलं ठोकळ्याने. लांब ठोकळा उंचवट्यांवरच टेकतो, खड्ड्यात शिरत नाही, म्हणून कड आपोआप सरळ होत जाते. बोटाभोवती पॉलिश पेपर गुंडाळून हे जन्मात जमलं नसतं. दर दहा-बारा घासांनंतर काउलिंग चढवायचं, बघायचं, उतरवायचं. एका कडेसाठी मी ते चाळीस वेळा तरी चढवलं असेल. पत्रा आणि काउलिंग यांत पाऊण-एक मिलिमीटर फट ठेवलीय; रंगाचा थरही कुठेतरी मावायला हवा.

ती लाट कशी भरली, तेही सांगतो. फायरवॉलजवळच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीजवळच्या, पत्र्याच्या कडेवर खाकी पॅकिंग टेप चिकटवली, काउलिंग जागेवर बसवलं आणि फटीत इपॉक्सीत कालवलेला कापसाचा भुसा, म्हणजे फ्लॉक्स, दाबून भरला. टेपला इपॉक्सी धरत नाही, त्यामुळे दुसऱ्या दिवशी काउलिंग अलगद निघालं आणि त्याची कड पत्र्याला हुबेहूब जुळणारी. वरून भरायची लांबी, म्हणजे पुट्टी, मायक्रोबलूनची, म्हणजे काचेच्या बारीक पोकळ गोळ्यांची. ती पावडर रांगोळीपेक्षा हलकी, श्वासानेही उडते. श्रीखंडाइतकी घट्ट कालवली तरच उभ्या भागावरून ओघळत नाही. इपॉक्सी म्हणजे वेस्ट सिस्टिम कंपनीचं १०५ रेझिन आणि २०६ हार्डनर, पाचास एक. जानेवारीत थंडीने ते दोन दिवस चिकटच राहिलं, शेवटी हीटर आणला.

इंजिनाचे रबर माउंट काही तास उडल्यावर दबतात आणि स्पिनर, म्हणजे पंख्याच्या मधोमधची टोपी, खाली येतो. म्हणून स्पिनर काउलिंगपेक्षा केसभर वर ठेवून मगच पुढची कड घासावी. हे मला एका जुन्या बिल्डरने वेळेवर सांगितलं, नाहीतर पुन्हा फ्लॉक्स.

टिकाऊपणा? ठोकळा आठ महिन्यांत झिजलेला दिसत नाही. लांबी ओलसर असताना घासली तर दाणे भरतात, तारेच्या ब्रशने निघतात. चकत्या तीन संपल्या. त्यातली एक फारच स्वस्तातली होती, पहिल्याच दिवशी हिरे सोडून मोकळी झाली.

धूळ ही खरी खाजकुयली. पूर्ण बाह्या, रेस्पिरेटर, मनगटाला टेप, आणि काम संपल्यावर आधी थंड पाण्याने आंघोळ. गरम पाण्याने खाज दुप्पट होते. व्हिडिओ कॉलवर आईने मनगटं पाहिली आणि म्हणाली, "कांदिवलीच्या गच्चीवर विमान बांधणाऱ्या त्या कॅप्टन अमोल यादवांनाही असंच खाजलं असेल का रे?" विचारायला हवं एकदा.

ठोकळ्याला पाचपैकी पाच, चकतीला साडेतीन. व्हील पँट्स अजून खोक्यातच आहेत.