आठ महिन्यांनंतर: पाऱ्याची दुहेरी ज्वलनभट्टी आणि तिचे टोक

समुद्राच्या पाण्यात तरंगणाऱ्या कणांतील पारा समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंच्या) मोजणीसाठी वेगळा करणाऱ्या या भट्टीविषयी मी तिसऱ्या महिन्यात लिहिले असते, तर ‘घेऊ नका’ एवढेच लिहिले असते. तापमानाबद्दल तक्रार नाही. पहिला टप्पा सावकाश ७५० अंशांपर्यंत चढतो, दुसरा १००० अंशांवर टिकतो आणि सुटलेली वाफ पोटॅशियम परमँगनेटच्या आम्लयुक्त द्रावणात अडकते. माझे भांडण आहे ते त्या द्रावणात बुडणाऱ्या नळीच्या बारीक टोकाशी.

त्या टोकात मँगनीज डायऑक्साइडचा तपकिरी थर साचतो, बुडबुडे आधी अडखळतात, मग थांबतात आणि कोंडलेला वायू मागच्या सांध्यातून वाट काढतो. दर ग्रॅमला ९१ नॅनोग्रॅम पारा असलेल्या मेस-३ या प्रमाणित सागरी गाळातून जेमतेम ८२ टक्के पारा हाती आला, तेव्हा हे उमगले. तोवर दोन खरे फिल्टर जाळून झाले होते. जहाजावरून खोल सोडलेल्या पंपाने हजार लिटर पाणी गाळले तरी क्वार्ट्झ-तंतूंच्या फिल्टरवर पारा येतो काही नॅनोग्रॅमच, आणि जळलेला फिल्टर पुन्हा मिळत नाही.

विक्रेत्याने हा ‘हाताळणीतील दोष’ ठरवून हमी नाकारली. शिवाय टोक सुटे मिळत नाही, अख्खी नळीच घ्यावी लागेल, असे कळवले. मी क्वार्ट्झचे काम करणाऱ्या एका कारागिराकडून थोड्या रुंद तोंडाचे टोक ओढून घेतले. त्याला नळीच्या किमतीचा अगदी किरकोळ भाग लागला. दर जाळणीनंतर ते हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइडने धुतले की डाग डोळ्यांदेखत विरघळतो. माहितीपुस्तिकेत याविषयी एक ओळही नाही.

ते दोन फिल्टर पूर्ण वाया गेले असे वाटले होते, ते मत मात्र मला बदलावे लागले. गळतीत हलकी समस्थानिके अधिक निसटण्याची शक्यता असल्याने २०२ आणि १९८ या वस्तुमानांकांच्या समस्थानिकांच्या गुणोत्तरावर आता विसंबता येत नाही, ते आकडे मी खोडले. परंतु १९९ आणि २०० यांचे विचलन मोजताना वस्तुमानानुसार होणारा फरक आधीच वजा केलेला असतो, त्यामुळे गळतीची झळ त्यांना जवळपास लागत नाही. सूर्यप्रकाशाने पाऱ्यावर केलेल्या क्रियेची खूण १९९ मध्ये दिसते, तर पारा पावसातून उतरला की हवेतील वायूतून मुरला याचा माग २०० वरून लागतो. आमचा मूळ प्रश्न नेमका हाच होता.

भट्टी ठेवली आहे. खणात आणखी दोन टोके आहेत, त्याच कारागिराची.