जुनी गाडी मल्टिब्रँड सर्व्हिस सेंटरच्या हवाली करण्यापूर्वी

आमची वॅगन आर 2009 सालची. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते. त्यापूर्वी गाडीची सगळी कामे एकदाच नीट करून घ्यावीत असे घरात ठरले. फोंड्यातले आमचे नेहमीचे मेकॅनिक त्या दिवसांत आजारी असल्यामुळे गाडी पणजीजवळच्या हमरस्त्यावरील एका मोठ्या सर्व्हिस सेंटरकडे दिली. या कंपनीच्या अनेक शहरांत शाखा आहेत, नोंदणी ॲपवर होते आणि दर छापील असतात. प्रकरण ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे नाव येथे देत नाही.

गाडी परत मिळाली तेव्हा सुमारे 17,000 रुपयांच्या बिलात इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडीची सफाई, ब्रेक फ्लुइड (पेडलचा दाब चाकांपर्यंत पोहोचवणारा द्रव) बदल, मागच्या ब्रेकच्या ड्रमची सफाई व ग्रीसिंग आणि गाडीच्या पोटाला गंजरोधक कोटिंग एवढी कामे लावलेली होती. सोबतच्या तपासणीपत्रावर प्रत्येक ओळीपुढे हिरवी खूण होती. आरटीओतही गाडी पास झाली. तिथे ड्रम उघडून कोणी पाहत नाही.

पुढे बेळगावहून परतताना चोर्ला घाट उतरून केरीकडे येत असता ब्रेकचे पेडल मऊ पडू लागले आणि एका वळणाआधी ते जवळजवळ तळाला गेले. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती आणि हँडब्रेक लागला, म्हणून ती कडेला थांबवता आली. बऱ्याच वेळाने पेडल पुन्हा पूर्ववत घट्ट झाले, यावरूनच कारणाचा अंदाज येऊ शकतो. ब्रेक फ्लुइड हवेतले बाष्प शोषून घेते. डॉट 3 प्रतीच्या कोऱ्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस असावा लागतो. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरले की तो 140 अंशांपर्यंत खाली येऊ शकतो, आणि लांब उतारावर सतत ब्रेक दाबल्याने पुढच्या चाकांजवळचे फ्लुइड तापून उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात व पायाचा दाब ब्रेकपर्यंत पोहोचतच नाही. म्हणूनच दमट हवेच्या गोव्यात ते साधारण दोन वर्षांनी बदलायचे असते. आम्ही तर नुकतेच पैसे मोजून बदलून घेतले होते.

फोंड्याच्या मेकॅनिकांनी गाडी वर घेतली आणि काही न बोलता आधी मला टाकी दाखवली. बॉनेटखालच्या टाकीतले फ्लुइड स्वच्छ, फिकट पिवळे होते. पुढच्या चाकाजवळून काढलेले मात्र काळपट निघाले. "वरचं नवीन घातलंय, खालचं तुमचं जुनंच आहे," एवढेच ते म्हणाले. फ्लुइड खऱ्या अर्थाने बदलायचे तर चारही चाकांजवळची निपल (फ्लुइड बाहेर सोडण्याच्या छोट्या तोट्या) सैल करून जुने बाहेर काढावे लागते, आणि आमच्या मागच्या दोन्ही निपलांवर सुकलेल्या चिखलाचा व गंजाचा थर जसाच्या तसा होता, पान्याचा ओरखडाही नव्हता. ड्रम काढण्यासाठी मधली टोपी ठोकून काढावी लागते; तीही हललेली नव्हती. आत लायनिंगच्या भुकटीचा खच होता आणि मागचे ब्रेक जेमतेमच लागत होते, त्यामुळे उतारावरचा सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडत होता. या सगळ्याचे फोटो मी तिथेच काढून ठेवले.

कोटिंगची गत याहून वाईट. पोटाखालची माती न धुता, गंज न खरवडता वरून काळा थर फवारला होता, तो पेचकसाच्या टोकाने पापुद्र्यासारखा सुटून येत होता. वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या, त्यात खारे वारे असणाऱ्या प्रदेशात अशा थराखाली ओल कोंडून राहते आणि पत्रा अधिक लवकर सडतो. पाणी निघून जाण्याची भोकेही त्यात बुजली होती. म्हणजे हे काम केलेच नसते तर बरे झाले असते.

सर्व्हिस सेंटरने फोटो पाहिलेही नाहीत. काम पूर्ण झाल्याची नोंद सिस्टममध्ये आहे, हेच उत्तर प्रत्येक वेळी मिळाले. गाडीवर काम केलेला मुलगा सोडून गेला होता, आणि ज्यांनी बिल समजावले ते सल्लागार पान्याला हात लावणारे नव्हतेच. शेवटी पुढच्या सर्व्हिसवर सवलतीचे कुपन देऊ केले, जे घेण्यासाठी गाडी पुन्हा त्यांच्याच दारात न्यावी लागली असती. ते नाकारून मी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार दाखल केली. घटनेपासून दोन वर्षांच्या आत, आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही ती करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी नोंद करता येते.

ज्यांना अशा ठिकाणी जुनी गाडी द्यावीच लागणार असेल, त्यांनी काढलेले भाग परत हवेत असे जॉब कार्डावर सुरुवातीलाच लिहून घ्यावे, कोटिंगआधी धुतलेल्या पोटाचा फोटो मागावा आणि ब्रेकचे काम चालू असताना गाडीजवळ उभे राहू देतात का हे पैसे ठरवण्याआधी विचारावे. आमच्या सेंटरमध्ये ग्राहकाला काचेपलीकडे जाण्यास मनाई होती, आणि त्याचे कारण सुरक्षिततेचे नियम असे सांगण्यात आले होते.