खोट्या उपनगरातले तीन मुक्काम: आधी कोणता बघावा?

नीटनेटकी घरं, कापलेली हिरवळ, हसतमुख शेजारी आणि मनात एकच शंका: हे सगळं खरं आहे का? विज्ञानकथेच्या मालिकांनी हा डाव कितीदा तरी मांडलाय. चाहत्यांच्या वादात मात्र फिरून फिरून तीनच नावं येतात. 'द ट्वायलाइट झोन'मधला 'स्टॉपओव्हर इन अ क्वाएट टाउन' (१९६४), 'डॉक्टर हू'मधला 'फॉरेस्ट ऑफ द डेड' (२००८) आणि 'वांडाव्हिजन' (२०२१) ही अख्खी मालिका. ज्याने यातलं काहीच पाहिलेलं नाही त्याने सुरुवात कुठून करावी, एवढ्यासाठी ही तुलना आहे. शेवट उघड करणारा भाग अगदी खाली ठेवलाय आणि तिथे तसं लिहिलंय. त्याच्या वरचं सगळं बिनधास्त वाचा.

आधी 'उपनगर' या शब्दाबद्दल. आपल्या डोळ्यांसमोर लगेच अंधेरी-बोरिवली येतं, लोकलची गर्दी येते. अमेरिकन सबर्ब म्हणजे त्याच्या अगदी उलट चित्र. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर १९४७ ते १९५१ या काळात लेविटटाउन उभं राहिलं. सतरा हजारांहून जास्त घरं, नकाशे मोजकेच, बांधणी कारखान्यासारखी टप्प्याटप्प्याने. सुरुवातीच्या करारांत गोऱ्यांशिवाय इतरांना तिथे राहायला बंदी होती. कोण शेजारी असणार हेसुद्धा आधीच ठरवून बांधलेली वस्ती होती ती. १९६४ साली अमेरिकेत टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला साच्यातून काढलेली घरं रोज दिसत होती. त्यामुळे 'हे घर कुणीतरी मांडून ठेवलंय' ही कल्पना त्याला फार दूरची वाटत नव्हती.

स्टॉपओव्हर इन अ क्वाएट टाउन

लागणारा वेळ २५ मिनिटं. पूर्वतयारी शून्य. लेखक अर्ल हॅमनर ज्युनियर, दिग्दर्शक रॉन विन्स्टन, पाचवा सीझन, कृष्णधवल. बॉब आणि मिली फ्रेझर हे जोडपं आदल्या रात्री पार्टीहून परतत होतं. बॉब प्यायलेला होता म्हणून गाडी मिली चालवत होती, आणि गाडीवर एक मोठी सावली पडल्याचं तिला आठवतं. सकाळी दोघं जागे होतात ते कपड्यांनिशी, परक्या पलंगावर.

इथून पुढे हा एपिसोड हातांनी चालतो. बॉब फोन उचलतो, तर वायरच नाही. स्वयंपाकघरातले ड्रॉवर उघडत नाहीत, नुसत्या फळ्या चिकटवलेल्या. फ्रिजमधलं खाणं प्लास्टिकचं. बाहेर खार दिसते, ती पेंढा भरलेली. गवत कागदाच्या लगद्याचं. प्रत्येक वस्तू हात लागेपर्यंत खरी वाटते आणि हात लागताच उघडी पडते. आणि या सगळ्यात मधूनमधून एका लहान मुलीचं हसणं ऐकू येतं, मुलगी मात्र कुठेच नाही.

उणीव सांगायची तर संवादांची. नवरा-बायकोची कुरबुर एकसुरी आहे, मधली पाचेक मिनिटं तेच ते वाटतं. पण वस्तूंचा पुरावा एकावर एक कसा रचायचा हे शिकायला याच्याइतका नेमका नमुना टीव्हीवर क्वचितच सापडेल.

फॉरेस्ट ऑफ द डेड

हा एकटा बघू नका. ही दोन भागांची गोष्ट आहे आणि हा दुसरा भाग. पहिला 'सायलेन्स इन द लायब्ररी', ३१ मे २००८ रोजी दाखवला गेलेला. हा त्याच्या पुढच्या आठवड्यातला, ७ जूनचा. दोन्ही मिळून साधारण दीड तास. लेखन स्टीव्हन मोफॅट, दिग्दर्शन युरोस लिन.

'डॉक्टर हू' १९६३ पासूनची मालिका म्हटल्यावर नवखा माणूस बिचकतो. इथे बिचकायचं कारण नाही. रिव्हर साँग हे पात्र या गोष्टीत पहिल्यांदाच येतं. ती डॉक्टरला चांगलं ओळखते, डॉक्टर मात्र तिला अजिबात ओळखत नाही. म्हणजे पडद्यावरचा नायक आणि नवा प्रेक्षक एकाच पायरीवर उभे असतात. एवढं माहीत असलं की पुरे: डॉक्टर काळातून प्रवास करतो आणि या वेळी त्याच्यासोबत डॉना नोबल आहे.

अख्ख्या ग्रहाएवढ्या ग्रंथालयातून डॉना नाहीशी होते आणि एका शांत इंग्लिश वस्तीत येऊन पडते. तिथे डॉ. मून नावाचे गृहस्थ तिची काळजी घेतात. तिला ली भेटतो, मनाने चांगला, बोलताना अडखळणारा. मग लग्न, मग दोन मुलं. हे सगळं काही मिनिटांत घडतं, आणि गंमत नेमकी इथे आहे. फिरायला जायचं का, असं कुणी म्हणायचा अवकाश, की दोघं तिथे पोचलेलीच असतात. आपण टीव्हीवर हे कायम बघतो. दार बंद झालं, पुढच्या क्षणी दुसरी जागा, मधला प्रवास कापलेला. आपल्याला त्यात काही खटकत नाही, कारण संकलन असंच असतं. डॉनाला ते हळूहळू खटकायला लागतं. मधला वेळ गेला कुठे?

'स्टॉपओव्हर'मध्ये नेपथ्य खोटं आहे. इथे वेळ खोटी आहे, आणि ती खोटी ठरवायला वापरलाय तो टीव्हीचाच सगळ्यात साधा नियम. तिघांमध्ये हुशारी इथे सगळ्यात जास्त आहे, आणि जीवही सगळ्यात जास्त इथेच गुंततो. उणीव एवढीच की खोटी वस्ती ही अर्धीच गोष्ट. उरलेला वेळ ग्रंथालयातल्या माणसं खाणाऱ्या सावल्यांचा आहे. फक्त उपनगर हवं असेल तर तुम्ही मधूनमधून अधीर व्हाल.

वांडाव्हिजन

नऊ भाग. निर्मिती जॅक शेफर, दिग्दर्शन मॅट शॅकमन. १५ जानेवारी २०२१ ला पहिले दोन भाग एकत्र आले, पुढे ५ मार्चपर्यंत दर शुक्रवारी एक. न्यू जर्सीतलं वेस्टव्ह्यू हे काल्पनिक गाव, नवविवाहित वांडा (जादुई शक्ती असलेली) आणि व्हिजन (लाल रंगाचा यंत्रमानव), आणि त्यांचं आयुष्य म्हणजे दर भागाला नव्या दशकातला सिटकॉम, म्हणजे घरगुती विनोदी मालिका. पहिला भाग पन्नाशीच्या दशकाच्या वळणाचा, तोही खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित केलेला. वस्तू तारांनी हलवल्या होत्या. व्हिजनचा लाल रंग कृष्णधवल चित्रणात नीट उतरत नाही म्हणून पॉल बेटनीला निळा रंग लावला होता.

पहिल्या भागातला जेवणाचा प्रसंग बारकाईने बघा. व्हिजनचा साहेब, मिस्टर हार्ट, बायकोला घेऊन जेवायला आलाय. तो सहज विचारतो: तुम्ही आलात कुठून, का आलात? उत्तर कुणालाच देता येत नाही. तो चिडतो, घास अडकतो, खाली कोसळतो. त्याची बायको हसत हसत 'थांबव हे' म्हणत राहते. आधी नवऱ्याला म्हणते असं वाटतं. मग तिची नजर वांडाकडे वळते, शब्द तेच राहतात आणि आवाजातलं हसू ओसरतं. प्रेक्षकांचा हशा बंद पडलेला असतो, कॅमेरा सिटकॉमची ठरलेली जागा सोडून चेहऱ्यांच्या जवळ आलेला असतो. इथे खोटेपणा कानाला आधी कळतो.

अडचण तयारीची आहे. वांडाचं दुःख समजायला मार्व्हलचे निदान दोन चित्रपट हवेत: 'एज ऑफ अल्ट्रॉन' (१४१ मिनिटं), ज्यात तिचा भाऊ जातो, आणि 'इन्फिनिटी वॉर' (१४९ मिनिटं), ज्यात व्हिजन जातो. म्हणजे जवळजवळ पाच तासांची पायाभरणी आणि वर नऊ भाग. ते न बघता सुरुवात केली तर पहिले तीन भाग जुन्या सिटकॉमची नक्कल वाटतात, आणि चौथ्या भागात वस्तीबाहेरची माणसं सगळं समजावू लागली की नावांचा गोंधळ उडतो.

मग निवड कशी करायची

एकच संध्याकाळ असेल, मित्र जमले असतील, त्यातल्या निम्म्यांना विज्ञानकथेचं वावडं असेल, तर 'स्टॉपओव्हर'. पंचवीस मिनिटांत संपतो आणि शेवटावर तासभर भांडता येतं. एकट्याने किंवा दोघांनी बघायचं असेल आणि दीड तास सलग मिळत असेल, तर डोळे झाकून 'फॉरेस्ट ऑफ द डेड', अर्थात पहिल्या भागासकट. आमच्या मते तिघांत श्रेष्ठ हाच. मार्व्हलचे चित्रपट आधीच पाहिले असतील तर 'वांडाव्हिजन' सावकाश घ्या, एका रात्रीत एक-दोन भाग. पाहिले नसतील तर त्याने सुरुवात करू नका.

अलौकिक मामला नकोच असेल, तर 'ट्वायलाइट झोन'चाच पहिला भाग 'व्हेअर इज एव्हरीबडी?' (२ ऑक्टोबर १९५९) आहे. तिथे एकटा माणूस आणि रिकामं गाव, उत्तर पूर्णपणे माणसांच्या जगातलं.

बघताना टीव्हीच्या सेटिंगमुळे खूप काही बिघडतं, म्हणून काही गोष्टी. 'ट्वायलाइट झोन' आणि 'वांडाव्हिजन'चे सुरुवातीचे भाग चौकोनी चित्रात आहेत. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या जाव्यात म्हणून चित्र ताणू नका. 'वांडाव्हिजन'च्या पहिल्या भागाच्या शेवटी चौकट रुंदावते तोच इशारा आहे, आणि ताणलेल्या चित्रात तो कळतच नाही. मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद ठेवा. आवाजांचं वर्णन देणारी सबटायटल्स 'स्टॉपओव्हर'ला लावू नका, मुलीच्या हसण्याकडे ती आधीच बोट दाखवतात. साधी संवादांपुरती चालतील. आणि 'वांडाव्हिजन'मधल्या जाहिराती पुढे ढकलू नका. त्या गोष्टीचाच भाग आहेत. पहिल्या भागातल्या टोस्टरचा लाल दिवा हा त्या काळ्यापांढऱ्या जगात दिसणारा पहिला रंग. सातव्या भागापासून श्रेयनामावलीच्या मध्येही प्रसंग आहेत, त्यामुळे नावं सुरू झाली की लगेच बंद करू नका.

इथून खाली शेवट उघड केले आहेत

'स्टॉपओव्हर'चा शेवट फसवा आहे, असा एक जुना आक्षेप. दोघं आगगाडीत चढतात, सुटलो म्हणून हुश्श करतात, गाडी गोल फिरून पुन्हा त्याच गावी, सेंटरव्हिललाच येते. मग प्रचंड मोठा हात खाली येतो आणि कळतं की परग्रहावरच्या एका मुलीला बापाने पृथ्वीवरून आणलेली ही दोघं म्हणजे जिवंत खेळणी आहेत. आक्षेप घेणारे म्हणतात, राक्षस आकाशातून टाकला. हा आक्षेप टिकत नाही. सावली सुरुवातीलाच सांगितली होती, हसणं सतत ऐकवलं होतं, आणि चिकटवलेले ड्रॉवर, प्लास्टिकचं खाणं, गोल फिरणारी गाडी हे सगळं कुठल्याही बाहुलीघरात सापडतं. पुरावा डोळ्यांसमोर होता, फक्त त्याचं माप कुणी घेतलं नाही.

'वांडाव्हिजन'वरचा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो खरा आहे. दुःखाच्या भरात वांडाने आपल्या शक्तीने हे गाव सिटकॉममध्ये बदललं आणि तीन हजारांहून जास्त माणसं ओलीस धरली. शेवटच्या भागात गावातली डॉटी, जिचं खरं नाव सारा, वांडासमोर गयावया करते की माझ्या आठ वर्षांच्या मुलीला निदान खोलीबाहेर तरी येऊ दे. मालिकेतला सगळ्यात भयंकर क्षण हाच. आणि त्यानंतर मोनिका, बाहेरच्या सरकारी संस्थेची अधिकारी, वांडाला सांगते की तू यांच्यासाठी कशाचा त्याग केलास ते या लोकांना कधीच कळणार नाही. लोकांनी काय गमावलं, त्याचा हिशेब मात्र होत नाही. वांडा मान खाली घालून गावकऱ्यांच्या नजरांमधून चालत जाते, तेवढंच. तो दुखावलेल्या नजरांचा प्रसंग आहे म्हणून मालिका पूर्णपणे निसटत नाही, पण मोनिकाचं ते वाक्य नसतं तर बरं झालं असतं.

'फॉरेस्ट ऑफ द डेड'वर वाद होतो तो लीवरून. मैदानातली सगळी मुलं म्हणजे तोच एक मुलगा आणि तीच एक मुलगी, हे डॉनाला दाखवलं जातं. रात्री ती आपल्या दोन मुलांना निजवते. मुलं स्वतःच सांगतात की तू समोर नसलीस की आम्ही नसल्यासारखंच वाटतं. दुसऱ्या क्षणी पलंग रिकामे. मुलं खोटी होती, मग नवराही खोटाच असणार, अशी ती मनाची समजूत घालते: देखणा आणि धड बोलू न शकणारा पुरुष, आपल्याच मनाने घडवलेला. पण ली खरा होता. ग्रंथालयाच्या संगणकाने ज्या ४०२२ जणांना वाचवून साठवून ठेवलं होतं, त्यांतलाच एक. बाहेर पडल्यावर तो तिला दुरून पाहतो, हाक मारायला तोंड उघडतो, पहिल्या अक्षरावर अडकतो आणि तेवढ्यात त्याला दुसरीकडे पाठवलं जातं. डॉना मागे वळून बघतच नाही.

काहींना हा बोलण्याच्या अडचणीचा गैरवापर वाटतो. तो राग समजण्यासारखा आहे. तरीही गोष्टीच्या आत बघितलं तर त्या बनावट वस्तीत लीचं अडखळणं कुणी दुरुस्त केलं नव्हतं, ते त्याचं स्वतःचं होतं. डॉनाने खोटेपणाची खूण म्हणून जे धरलं, तेच त्याच्या खरेपणाची खूण होतं. पुन्हा बघाल तेव्हा दोघांच्या पहिल्या भेटीपाशी थांबा आणि तो तिच्याशी पहिला शब्द बोलायला किती वेळ घेतो, तेवढं मोजा.